हिरवा शहामृग

प्रिय इदवाल,

समुद्रकाठचं आपलं मेरी-गो-राउंड शनिवारी पुन्हा सुरू झालं. लाकडी सिंह, अस्वल, डुक्कर, सगळे शंभर वर्षांपूर्वीसारखे दिसतात. दुरुस्ती समितीचा नियमच होता, वरचे रंग खरवडायचे आणि तळाशी जो पहिला रंग सापडेल तोच द्यायचा. खरवडायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या बाबांनी शहामृगाला दिलेला हिरवाही मीच काढला. खाली तपकिरी निघाला.

आईला घेऊन गेले. दोन फेऱ्या मारून ती मला म्हणाली, "बाई, इथला हिरवा शहामृग कुठं गेला? आमच्या ह्यांनी रंगवलाय तो."

"हाच तो, आई."

"मला वेड्यात काढू नका."

समितीला विचारलं, पुन्हा हिरवा देऊ का? ते म्हणाले, "नेरिस, मूळ रंग तपकिरी, हे तूच लिहून दिलंयस."

"आई तुला ओळखते का?" असं तू फोनवर विचारतोस आणि मी हो म्हणते. ओळखायची रे. रंग काढायच्या आधी, दर रविवारी तिनं शहामृगाच्या मानेवर हात ठेवला की माझं नाव घ्यायची. तेवढ्यापुरतंच. मला वाटलं होतं, तिला शहामृग लागतो, रंग नाही.

उद्या विचारशील तेव्हाही मी हो म्हणेन, म्हणून हे टपालात टाकत नाही.

तुझी,
नेरिस