दोन खोल्यांतलं गणित

लिंझ, तुमच्याकडची ३ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

इथल्या कॅथलिक पंचांगात आज तेरा तारीख, तुमच्या रेगेन्सबुर्गात जुनंच पंचांग, म्हणून अजून तीनच. संत मार्टिनच्या अकरा तारखेच्या सणाचा हंस मी परवाच खाऊन बसलोय, तुमचा अजून तळ्यात पोहतोय. एरवी या दहा दिवसांच्या घोळाला मी शिव्या घालतो. पण परवाच, सणाच्या दिवशी, कागद घ्यायला इथे आलेली आपली छापखानेवाली अपोलोनियाकाकू घाटावर भेटली आणि म्हणाली, "मास्तर बावीस वर्षांचे ग्रहांचे तक्ते मार्टिनच्या दिवशी जिल्दसाजाला देणार, पुठ्ठे करायला." मला वाटलं, आज दिलेच असतील. तशी ती हसली, "अरे येड्या, आमचा मार्टिन यायचाय अजून!" टपालाचा घोडेस्वार उद्या निघतोय. सहा दिवसांत, तुमच्या मार्टिनच्या आत पोचेल.

ग्रहणाचा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्या पंचांगात छापलं होतं दुपारी दोनला, आणि सूर्य सकाळी सव्वाअकरालाच कुरतडायला लागला. दोन वाजता त्या टवाळ खाटकानं मुद्दाम घंगाळ भरून बाजारात ठेवलं. "या मास्तर, तुमचं ग्रहण बघायला या, आमचं सकाळीच उरकलं!" आणि तुम्ही खरंच गेलात. टोपी काढून, वाकून, पाण्यातला तो अख्खा सूर्य बघत राहिलात. मी तुमच्या मागे उभा होतो. हसलो नाही, एवढंच.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "दोघांनी दोन खोल्यांत बसून, एकमेकांचा कागद न बघता गणित केलं. मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे चूक आपली नाही रे योब्स्ट, तक्तेच खोटे." वर माझ्याच पाठीवर हात ठेवलात, "तू कशाला तोंड पाडतोस?" तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मला व्हिएन्ना बघायची हुक्की आली, आणि तुम्ही वाटेसाठी चीज बांधून दिलंत. ते पासाऊपर्यंतही पुरलं नाही, मी तिथल्या जत्रेत चार दिवस रमलो. पण ते जाऊ दे, मी पुन्हा भरकटतोय.

मास्तर, मी गणित केलंच नव्हतं. गणिताच्या दिवशी नदीवर अस्वलवाला आला होता. परत आलो तर तुम्ही प्रार्थनेला गेलेले, कागद मेजावर. मी ओळीन् ओळ वहीत उतरवली, आणि खरं वाटावं म्हणून मधे दोन ठिकाणी खाडाखोडही केली. काल मात्र दिवसभर बसलो, वहीतल्या तुमच्याच तक्त्यांचे आकडे घेऊन, पहिल्यापासून. उत्तर आलं सव्वाअकरा. सकाळच्या ग्रहणाला चंद्र जमिनीवरून सरकलेला दिसतो तो फरक वजा करायचा असतो, तुम्ही सातव्या ओळीत तो मिळवलात. घाईत कुणाचंही होतं. ते पकडायलाच तर दुसरी खोली होती. तक्ते खरे आहेत, मास्तर. खोटा मी होतो. मला पुन्हा उंबऱ्यात उभं करू नका हवं तर, पण ते जिल्दसाजाच्या हाती देऊ नका. सोबतचा कागद तपासून बघा. हे गणित मी कुणाचंही न बघता केलंय, पहिल्यांदाच.

तुमचाच म्हणवायची लाज वाटणारा,
योब्स्ट