तिन्ही सारखीच

प्रिय सुलू,

तुझी देवश्री सुखरूप घरी पोचली असेल. माधवनगरच्या ह्या घरात इतकी हसणारी मुलगी कितीतरी वर्षांनी राहून गेली. रोज सकाळी पोहे-जलेबी हवी म्हणजे हवीच. रामघाटावर एका पंड्याने तिला गोत्र विचारलं, तर तिने त्यालाच उलट प्रश्न विचारून बेजार केलं. भैरवगढला जाऊन तुझ्यासाठी छापाची चादर घेतली आहे, रंग तिनेच निवडला. पोरगी गोड आहे. तुझ्यावर गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

तू फोनवर म्हणालीस तसा तिच्यापुढे पेच मोठाच आहे. एम.एस्सी.साठी पुणे, हैदराबाद, दिल्ली, तिन्हीकडे प्रवेश आणि तिन्ही विद्यापीठं सारखीच नावाजलेली. तिने मला लॅपटॉपवर सगळं दाखवलं, कुठे कोण शिकवतं, नंतर नोकऱ्या कशा लागतात, होस्टेलात खोली मिळते की नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी मलाही डावं-उजवं करता येईना. तू मात्र मला हळूच सांगून ठेवलं होतंस, की तिन्ही सारखीच तर मग पुणंच बरं, घरातून जाऊन-येऊन करेल. आईचं ती ऐकणार नाही, पण मावशीच्या तोंडून गेलं तर पटेल. ‘‘तू फक्त एक शब्द टाक मृणाल, आणि मी सांगितलंय हे तिला कळू देऊ नकोस,’’ असं म्हणालीस. तुझी ही रीत मला ओळखीची होती. म्हणूनच मी लगेच म्हटलं, पाठव तिला.

आपलं बी.एस्सी. झालं तो उन्हाळा आठव. तेव्हा पेच माझ्यापुढे होता. पुणे, बडोदा, दिल्ली. तुझं नाव एकट्या पुण्याच्या यादीत, तेही वेटिंगला, सगळ्यात वर. मी गळले की तू आत. रोज संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून आपण माझ्या विद्यापीठांचा कीस पाडायचो. पुणं सोड, असं तू एकदाही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी सोडलंही असतं, इतकी तुझ्यासाठी वेडी होते मी. मग एके दिवशी जेवताना अण्णांनी सांगून टाकलं, कुठेही जायचं नाही, पुढचं इथेच होईल. माझ्या वडिलांना कारण विचारायची सोय नव्हती. मी रडले, उपाशी राहिले. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत बसायचीस, आणि माझी जागा सुटल्याबरोबर पुण्याला गेलीस. तुला स्टेशनवर सोडायला मीच आले होते. तुझी वळकटी मी उचलली होती.

त्यानंतर अण्णांशी मी कामापुरतंच बोलले. एका घरात राहून, जवळजवळ तीस वर्षं. गेल्या दिवाळीत फराळ करताना ते आपणहूनच म्हणाले, ‘‘सुलूने टाइमवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर तू त्या पुण्याच्या लडक्याच्या चक्करमध्ये फसली असतीस.’’ कोण लडका, म्हणून विचारलं, तर तुझा मावसभाऊ केदार! त्याला मी आयुष्यात एकदा पाहिला होता, तोही सर्दीने नाक लाल झालेला. मुलीचं नाव खराब होऊ नये म्हणून अण्णा हे कुणापाशी बोलले नव्हते, माझ्यापाशीसुद्धा नाही. मी खरं काय ते सांगितलं. हातातला लाडू तसाच धरून ते बसून राहिले. माघात ते गेले. मनमोकळं बोलायला आम्हा बापलेकीला जेमतेम एक हिवाळा मिळाला.

जागा गेली ते मी पचवलं, सुलू. माझं काही वाईट झालं नाही. इथेच शिकले, इथेच शिकवते, पोरं रस्त्यात थांबून नमस्कार करतात. पण तू माझा बाप माझ्यापासून तोडलास, आणि तो बिचारा समजत होता की आपण मुलीला वाचवलं. हे मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याची भरपाई मला हवी होती, तितकीच आणि तशीच.

देवश्रीजवळ मी पुण्याबद्दल एक शब्द वाईट बोलले नाही. तू मला काय सांगून ठेवलं होतंस ते सांगितलं, आणि तेव्हा अण्णांना काय सांगितलं होतंस तेही. मुलीला मध्ये ओढलं म्हणशील. तिला मध्ये तूच उभं केलंस, तेही तिला न विचारता. आई असं का करेल, तिने विचारलं. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, तिलाच विचार. विद्यापीठं तिन्ही सारखीच, तेव्हा फरक उरला तो तुझ्या घरापासूनच्या अंतराचा, आणि ते अंतर किती हवं, हे ती तुझं उत्तर ऐकून ठरवणार आहे. हे पत्र पोस्टानेही आलं असतं. मी ते मुद्दाम तिच्या हाती दिलं, पाकीट न चिकटवता. गाडीत आधी तू वाच, म्हटलं, मग आईला दे, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोरून उठू नकोस. आता मान वर कर.

अजूनही तुझीच,
मृणाल