धडा सोळावा घरी वाचून घ्या

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा लोटांगण घालून नमस्कार. (लोटांगण मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी दवाखान्याच्या बाकावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय आणि दोन्ही बाजूंना पोटुश्या बायका आहेत.) तुझं प्लास्टर कसं आहे? आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नकोस, मागच्या वेळी ती काढायला डॉक्टर बोलवावा लागला होता. दवाखाना शब्द वाचून घाबरू नकोस, आणि हे पत्र हिच्या हाती लागू देऊ नकोस. फोनच केला असता, पण तुझ्याकडचा फोन तुझी भावजयच उचलते आणि माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तिला सगळं कळतं. म्हणून उद्या सकाळी तुमच्या गावी निघालेल्या आमच्या शाळेच्या शिपायाबरोबर बंद पाकीट देतोय. लेकीला काल इथे दाखल करून घेतलं. आता आटोक्यात आहे म्हणतात. आटोक्याबाहेर कसं गेलं ते सांगतो, कारण त्यात तुझ्या भावाची अक्कल कारणीभूत आहे.

तुझा पाय मोडला, ही तुझ्या सेवेला आली, जावई बोटीवर, म्हणजे घरात आठवा महिना लागलेली लेक आणि मी. निघताना हिने मला बजावलं होतं की गोळ्या वेळेवर दे आणि दर बुधवारी दवाखान्यातल्या गरोदर बायकांच्या वर्गाला तिच्याबरोबर जा, नुसतं सोडून येऊ नकोस. आता मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवतोय, मला कोण काय शिकवणार? पहिल्या बुधवारी मी बाहेर पेपर वाचत बसलो. काल मात्र वर्ग घेणारी नर्स बाहेर आली आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेली. आणि ताई, ती नर्स कोण निघावी? माझी विद्यार्थिनी! पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, तासाला दहा प्रश्न विचारणारी. मीच तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी हिलासुद्धा सांगितलेली नाही. नववीच्या पुस्तकात सोळावा धडा मानवी प्रजननाचा आहे. पंधरावा संपला की मी फळ्यावर लिहितो, 'धडा सोळावा घरी वाचून घ्या', आणि थेट सतराव्यावर, म्हणजे चुंबकावर उडी मारतो. एकतीस वर्षं! काय करणार, मागची मुलं खिदळतात, मुली माना खाली घालतात आणि मला दरदरून घाम फुटतो. (एकदा साहेब तपासणीला आले, तेव्हा मी वेळ मारून नेण्यासाठी बेडूक शिकवला. साहेबांनाही हायसं वाटलं.) शंकासुर तेव्हा उभी राहून म्हणाली होती की घरी सांगणारं कोणी नाही, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, बस खाली, परीक्षेला येत नाही. आला. सहा मार्कांना आला.

तर काल वर्गात आठ बायका, एक कापडी बाहुली, एक प्लास्टरचा कमरेचा सांगाडा आणि मी. शंकासुराने पहिलाच प्रश्न मला टाकला, बाळ कुठे वाढतं? मी म्हटलं, पोटात. ती म्हणाली, पोटात तर पोळी जाते सर, नीट सांगा. शेवटी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा 'गर्भाशय' हा शब्द मोठ्याने उच्चारला. इतक्या मोठ्याने, की औषधांच्या खिडकीतल्या माणसाने डोकं बाहेर काढलं. पुढे तर धक्क्यांवर धक्के! चाळीस आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे बाळाचा पत्ताच नाही आणि हिशोब सुरू! मी हात वर करून म्हटलं, ही शुद्ध लबाडी आहे. ती म्हणाली, गर्भ कुठल्या दिवशी राहिला ते कुणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख बाईला आठवते, म्हणून तिथून मोजतात. मग म्हणे वार नावाचा एक अख्खा अवयव बाईचं शरीर नव्याने बनवतं, बाळाला त्यातून पोसतं आणि बाळंतपण झालं की बाहेर टाकून देतं. ताई, गांडुळाला हृदयं किती असतात ते मला झोपेतून उठवून विचार, पण हे मला माहीत नव्हतं! (पुस्तकात होतं. पान एकशे बेचाळीस. संध्याकाळी बघितलं.) मग तिने सांगितलं की बाळ यायच्या वेळी गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. मी खिशातून पट्टी काढून दहा सेंटिमीटर मोजले, पुन्हा मोजले आणि पट्टी खिशात ठेवून दिली. शेजारची बाई म्हणाली, आजोबा, पाणी देऊ का?

आता ऐक. शेवटी तिने धोक्याची लक्षणं सांगितली. न थांबणारी डोकेदुखी, हातावर आणि तोंडावर सूज, डोळ्यांपुढे काजवे, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखान्यात या. मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवत होतो. तिसऱ्या ओळीवर हात थांबला. अगं, चार दिवस लेक म्हणत होती डोकं दुखतंय, मी म्हटलं, मोबाईल बाजूला ठेव. तिच्या बोटातली अंगठी निघेना, मी साबण लावून काढली आणि वर पाठ थोपटून घेतली. आणि सकाळी ती म्हणाली डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय, तर मी तिला माझा चष्मा दिला! ताई, माझा चष्मा दिला गं मी तिला!

मी उभा राहिलो आणि शंकासुराला म्हणालो, मॅडम, यातली तीन माझ्या घरात आहेत. तिने तिथल्या तिथे लेकीच्या दंडाला पट्टा बांधला, तर रक्तदाब एकशे साठवर एकशे दहा. मागच्या तपासणीत अगदी नेहमीसारखा होता. लघवीत प्रथिनं सापडली. दहा मिनिटांत लेक खाटेवर, सुई हातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस घरी काढले असते तर झटके आले असते, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. शंकासुराने मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. धड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता दर चार तासांनी दाब बघतात. बाळाचे ठोकेही ऐकवले. इतके भराभर, की मला वाटलं यंत्र बिघडलं. तसेच असतात म्हणे. काल संध्याकाळी हिचा फोन आला आणि लेकीने खाटेवरून 'सगळं मजेत' सांगितलं. आत्याला एकटं टाकून आई धावत येईल, म्हणून तिने मला शपथ घातली आहे. तेव्हा तूही हिला काही बोलू नकोस. इकडची अजिबात काळजी करू नये, मी समर्थ आहे.

तुझा,
भाऊ

ता. क. – समर्थ वगैरे खोड. हिला मिळेल त्या पहिल्या गाडीत बसव, फोनवर हे माझ्याच्याने तिला सांगवणार नाही. डॉक्टरीणबाई आत्ताच येऊन गेल्या, दाब पुन्हा चढतोय, परवा बाळंतपण करावं लागेल म्हणाल्या. शिपायाची बहीण तुमच्याच आळीत राहते, ती तुझ्याकडे राहील, मी बोललोय.

आणखी ता. क. – डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलीच्या आईला बाळंतपणात असाच त्रास झाला होता का? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी कागदावर तसंच लिहिलं, 'वडिलांना माहीत नाही'. लेकीच्या वेळी हिला बारा दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. कोणीतरी मला अशक्तपणा म्हणून सांगितलं, मी म्हटलं, होतं असं, आणि पेपर तपासायला गेलो. सत्तावीस वर्षांत मी विचारलेलं नाही. तू आडून आडून विचार आणि चिठ्ठीवर लिहून पाठव. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

शेवटचं – नको, काही विचारू नकोस. नुसती गाडीत बसव. मी स्टँडवर उभा असेन. तिथून दवाखान्यापर्यंत अर्धा तास लागतो, मीच विचारतो.