प्रशांतच्या गाडीतला बॉक्स

४ जानेवारी, रविवार
प्रशांत गाडी घेऊन आला. काळी जीप, जुनी घेतलेली, पण इंजिन खणखणीत. वनी पुढच्या सीटवर. धाकटी बहीण इतक्या दिवसांनी दारात आली नि खाली उतरली नाही. सर्दी झालीय म्हणे. ओढणी नाकापर्यंत. काच खाली करून आई कशी आहे विचारलं, तेवढंच.

प्र.ला मागे दोन बारा इंची वूफर स्पीकर पाहिजेत, मोठा अ‍ॅम्प, आणि बॉक्स माझ्याच हातचा. "रेवसला गाडी लावली तर जेट्टीवरच्या माणसाच्या छातीत वाजला पाहिजे." करू म्हणालो. बहिणीचा नवरा, नाही कसं म्हणणार.

शेडच्या सावलीत काळू झोपला होता. जीप मागे घेताना आडवा आला. प्र. खाली उतरला नि त्याच्या पोटात लाथ घातली. मग अजून. कुत्रं ओरडायचं थांबलं तरी घालतच होता. "राहू द्या भाऊजी," म्हणालो. वनी समोर रस्त्याकडे बघत बसलेली. मान वळवली नाही तिने.

मागून त्याचा ट्रक आला. जीप माझ्याकडे ठेवून दोघं ट्रकने गेले.

६ जाने., मंगळ.
प्लाय आणला, वॉटरप्रूफ. भुशाची दाबलेली फळी स्वस्त पडते, पण इथल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत पावासारखी फुगते. डिकीची मापं घेतली. सीटच्या पाठीला टेकेल असा तिरका बॉक्स. आत आडवी पट्टी, म्हणजे बाजू थरथरणार नाहीत. खाली लांबट भोक, वूफरने ढकललेली हवा तिथून बाहेर पडते नि दणका वाढतो.

कापताना मजा आली. एरवी काय, काशीदला आलेल्या टुरिस्टांचे सीटकव्हर नि रिव्हर्स कॅमेरे. मनासारखं काम फार दिवसांनी.

काळू खात नाही. पाणी पितो.

७ जाने., बुध.
सांधे चिकटवले, स्क्रू मारले, आतून सिलिकॉन. आत बल्ब सोडून बघितलं, कुठूनही उजेड बाहेर येत नाही.

आई म्हणते वनीचा फोन लागत नाही. प्र.ला लावला. मोबाईल पाण्यात पडला म्हणाला. आईला तेच सांगितलं. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं.

८ जाने., गुरु.
अलिबागला अ‍ॅम्प, जाड वायर, फ्यूज घेतले. तिथून घरी यायचं सोडून बाइक रेवसच्या रस्त्याला घातली. कोणाला न सांगता.

प्र. ट्रकवर होता. सासू बाजारात. वनी मागच्या दारी कपडे धूत होती, एकाच हाताने. दुसरं मनगट सुजून वांग्यासारखं. तोंडावर ओढणी नव्हती आज. खालचा ओठ फाटलेला, पुढचा एक दात नाही.

तीच बोलायला लागली, कपडे घासता घासता, जसं काय दुसऱ्या कोणाचं सांगतेय. तो गाडी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून लावतो. डिकी उघडतो. गाणी मोठी करतो. मग आत येतो. आळीत सगळ्यांना वाटतं प्रशांत रंगात आलाय. पोरं नाचतात सुद्धा बाहेर.

"जुन्या सेटचा आवाज फाटायचा दादा. मधेच बंद पडायचा नि लोकांना माझा आयकू जायचा. म्हणून नवा पायजे त्याला."

चल म्हणालो, आत्ताच, आहेस तशी बस मागे. नको म्हणाली. त्याने सांगितलंय, माहेरी गेलीस तर तिथे येऊन आईसकट कापीन. "तो बोलतो ते करतो." सासूची चाहूल लागली तशी तिने मला कुंपणातून काढून दिलं.

परत येताना कुठे वळलो, कुठे थांबलो, काही

९ जाने., शुक्र.
काम बंद ठेवायचं ठरवलं होतं. दहा वाजता वायर ओढत होतो. हातांना काहीतरी पाहिजे होतं. बॅटरीपासून मागेपर्यंत लाइन टाकली, पत्र्याचा रंग खरवडून अर्थ दिली, अ‍ॅम्प सीटखाली बसवला. दर स्क्रूला डोळ्यासमोर त्याचं तोंड. शिकंज्यात त्याची बोटं. रंध्याखाली त्याचा चेहरा, साल निघेपर्यंत. असलं कधी डोक्यात येत नव्हतं माझ्या.

दुपारी चालू करून बघितला. शेडचे पत्रे कडाकडा वाजले. समोरचा नारळपाणीवाला कानावर हात ठेवून हसला, अंगठा दाखवला. असा बेस मी आजवर काढला नव्हता. छाती भरून आली. मग शेडच्या मागे जाऊन ओकलो.

बॉक्स काढून घेतला. द्यायचा नाही. रविवारी तोंडावर सांगणार.

काळू गेला सकाळी. सुरूच्या बनात पुरला.

१२ जाने., सोम.
डाव्या हाताने लिहितोय.

काल दुपारी प्र. आला, सोबत त्याचा ड्रायव्हर बबन. मी म्हणालो, गाडी न्या, बॉक्स मिळणार नाही, आणि वनीला माहेरी पाठवा. आधी हसला. मग, तिने काय सांगितलं? मी म्हणालो मी डोळ्याने बघितलं. बाकावरची लाकडी मोगरी उचलून त्याने माझ्या कानावर घातली. मी त्याच्या नाकावर. फुटलं. रक्त त्याच्या शर्टावर, माझ्या मनगटावर, गरम. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

बबनने मागून आवळलं. प्र.ने माझा उजवा हात ओढून डिकीच्या कडेला धरला नि दार आपटलं. उघडलं, परत आपटलं. हाड मोडल्याचा आवाज पहिल्यांदा आला, दुखणं नंतर.

"बायको माझी हाय. तू फळ्या काप."

दोघांनी बॉक्स उचलून आत ठेवला. वायर मीच बाहेर काढून ठेवलेल्या, जोडायला अक्कल लागत नाही. जाताना पूर्ण आवाजात लावला. पार घाट चढेपर्यंत ऐकू येत होता.

चार बोटं, पंजा. प्लास्टर. आईला सगळं सांगितलं. रडली नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ म्हणाली, सणाला आलेल्या आईला कोण अडवणार, नि येताना पोरगी घेऊन येऊ. पोलिसांत जाऊ म्हणालो. आधी पोरगी बाहेर काढ, म्हणाली, मग कुठे जायचं तिथे जा.

१४ जाने., बुध.
हे आज लिहून ठेवतो. उद्या वेगळं आठवेल.

ओळखीच्या रिक्षाने गेलो, मी नि आई. त्यांच्या आळीच्या वळणावर आधी पायाला दणका जाणवला, मग कानाला आलं. "कोणाची तरी हळद दिसते," रिक्षावाला म्हणाला. मी ओळखला. माझाच बॉक्स तो.

गाडी भिंतीला टेकलेली, डिकी उघडी. खिडकीच्या काचा थरथरतायत. तीन पोरं नाचतायत. सासू ओटीवर लसूण सोलत बसलेली. आईकडे बघून म्हणाली, "आत नका जाव. दोघा बोलतान."

डिकीत जॅकचा दांडा होता. तो घेतला, डाव्या हातात. दार लाथेने उघडलं. वनी चुलीजवळ पालथी. प्र. तिच्या पाठीवर गुडघा देऊन, केस मुठीत, तोंड फरशीवर आपटत होता. ती ओरडत होती. तोंड उघडं दिसत होतं, आवाज मला तिथे दोन हातांवर ऐकू येत नव्हता.

पाठीत घातला. वळला. जबड्यावर घातला. पडला.

वनी उठली. कोपऱ्यातला नारळ सोलायचा कोयता उचलला. वाटलं, त्याच्यावर घालणार. ती आमच्या बाजूने बाहेर गेली. पुढचं मी बघितलं नाही, आईने सांगितलं: नाचणारी पोरं पळाली, वनीने दोन्ही वूफर कोयत्याने फाडले, मग बॉक्सवर घालत सुटली, प्लायचे तुकडे उडेपर्यंत.

आवाज बंद झाला. मी चालूच होतो. छाती, खांदा, परत जबडा. आता सगळ्या आळीला ऐकू जात होतं, लोखंडाचं नि त्याचं. बास, मेलो, बास, म्हणत होता तो. मग तेही म्हणेना.

वनीने मागून माझं प्लास्टर धरून ओढलं तेव्हा थांबलो.

१५ जाने., गुरु.
प्र. अलिबागला हॉस्पिटलात. जबडा, फासळ्या, एक डोळा. शुद्ध नाही.

मला दिवसभर पोलीस चौकीत बसवून ठेवलं, जबाब घेतला, सोडलं. गाव सोडायचं नाही. त्याचं काही बरंवाईट झालं तर मग कलम वेगळं लागेल, असं साहेब शांतपणे म्हणाले, चहा पण दिला.

शेजाऱ्यांचे जबाब वाचून दाखवले. गाणी चालू होती, भांडण ऐकू आलं नाही. मग गाणी बंद झाली आणि मारल्याचा आवाज आला, माणूस ओरडत होता. सगळ्यांनी तेच सांगितलंय. त्यात खोटं एकही वाक्य नाही.

वनीचा जबाब व्हायचाय. डॉक्टरने तिला दोन दिवस बोलू नको सांगितलंय. टाके आहेत तोंडात.

१६, शुक्र.
वनी आईजवळ झोपते. मी आत गेलो की उठून बसते. सकाळी तिच्याजवळची पाण्याची बाटली घ्यायला हात पुढे केला, तिने तोंडावर कोपर आडवं धरलं. मग काही नाही म्हणाली, सवय हाय.

त्याची सवय हे मला कळतं. पण कोपर धरताना ती माझ्याकडे बघत होती.

दुकान उघडलं नाही. शिकंज्याकडे बघवत नाही.

१७ जाने., शनि.
प्र.ला शुद्ध आली की नाही, कोणी नीट सांगत नाही. बबन फोन उचलत नाही.

आज वनी जबाब द्यायला गेली, आईला घेऊन. निघताना तिने मला ताट वाढलं. डाव्या हाताने जमत नाही म्हणून भात कालवून दिला, माशाचे काटे काढून दिले. ताट ठेवून मागे सरली, दारापर्यंत.

मी विचारलं, काय सांगणार.

"दोन्ही सांगणार दादा," म्हणाली. टाक्यांमुळे शब्द जड येत होते. "त्यानं काय केला, नि तू काय केलास."

सांग म्हणालो.

"तो पडल्यावर मी तीनदा हाक मारली तुला."

मला एकही ऐकू आली नव्हती. गाणं तर बंद होतं तेव्हा.

दोघी गेल्या. ऊन कलंडलं, अजून आल्या नाहीत. ताटाला हात लावला नाही. रस्त्यावर गाडी वाजली की उठून बघतो, पोलिसांची की आईची