बंद इंजिनाचा काटा

ता. ११ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही आणि घरची मंडळी खुशाल असाल असं धरून लिहायला बसले आहे. माझं बरं चाललंय. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. डॉक्टर म्हणाले, वाचन कमी करा. मी मान डोलावली आणि येताना वाचनालयातून दोन पुस्तकं घेऊन आले. शेडचा मागचा पत्रा वाऱ्याने उचकटला होता, तो बसवून घेतला. तुमचं वेल्डिंगचं काचेचं झापड अजून त्याच खिळ्याला आहे. ते कुणी हलवलेलं नाही.

अकरा वर्षांत हे माझं पहिलं पत्र. दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा तुम्ही आलात, दारापाशी उभे राहिलात आणि पाणीही न घेता निघालात. तुम्ही वाकून चपला घालत होतात आणि मी तुमच्या पाठीकडे बघत होते. बोलायचं तेव्हाच होतं.

आधी बातमी सांगते. ह्यांनी हाताने बांधलेलं विमान मी तंत्रशाळेला द्यायचं ठरवलं आहे. शेडमध्ये न उडता उभं राहण्यापेक्षा मुलांच्या हाताखाली जाईल. तिथले इंजिनाचे मास्तर गेल्या आठवड्यात बघायला आले. उंच, किडकिडीत, बोलताना सारखे हात रुमालाला पुसणारे. त्यांनी विमानाला एक फेरी मारली, ह्यांची कामाची वही वाचली आणि म्हणाले, "बाई, बाकी सगळं उत्तम आहे. इंजिनात हवा नेणारी ही नळी तेवढी काढून भंगारात टाकू. वहीतच लिहिलंय."

वहीत लिहिलंय हे मला माहीत होतं. लाल शाईत, खाली दोन रेघा: ‘नळी चुकली. धाकट्याने हट्ट केला.’

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. तिसऱ्यांदा वाकवलेली नळी होती ती. आत वाळू ठासून भरून तुम्ही ती तापवलीत, म्हणजे वळणावर चेपू नये. आणि अशी वळवलीत की हात फिरवला तर वळण कुठे सुरू झालं ते कळू नये. इंजिन पूर्ण उघडलं, आणि ह्यांनी दाबाच्या मीटरच्या काचेवर काढलेल्या लाल रेघेपाशी काटा पोचेना. रेघ तीसवर होती, म्हणजे पाऱ्याच्या तीस इंचांवर; हवेचा दाब तसाच मोजतात. पुस्तकात तसंच होतं, की इंजिन पुरतं उघडलं म्हणजे आतला दाब तिसाच्या आसपास यायला हवा. काटा सत्तावीसच्या जरासा पुढे जाऊन थांबला. हे म्हणाले, "वाटेत पावणेतीन इंच हवा खाल्ली तुझ्या नळीने." तुम्ही म्हणालात, "दादा, नळी हवा खात नाही. मी जेवलो नाही सकाळपासून, मलाच विचार." मी हसले. हे नाही हसले. "तुझ्या हातात कसब नाही, नुसता हट्ट आहे," असं म्हणाले. तुम्ही पान वाढलेलं तसंच सोडून गेलात, ते थेट बंदरावर, बोटींच्या नळ्या जोडायला.

तर मास्तरांना मी म्हटलं, "आधी इंजिन चालू करा, मग नळीचं बघू."

"दोन वर्षं बंद आहे, बाई."

"मग? मास्तर आहात ना तुम्ही?"

ते हसले. तेल बदलणं, प्लग साफ करणं यात दोन दिवस गेले. काल सकाळी चाकांना ठोकळे लावले, शेपूट खांबाला बांधली आणि इंजिन सुरू केलं.

भाऊजी, इतकी वर्षं ऐकूनही अंगावर काटा आला. वरखाली होणारे दट्टे नाहीत त्यात, हे तुम्हीच मला प्रथम दाखवलं होतं. फुगीर पेटीत तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी तुकडा गरगर फिरतो, आणि तेवढ्या एका फिरण्यात हवा ओढतो, दाबतो, पेटवतो, बाहेर टाकतो. तेव्हा मला खोटं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतंच. इंजिन हळू चालत होतं तेव्हा काटा चौदावर पडला. झडप जवळजवळ बंद, आत हवेचा दुष्काळ, आणि तो तुकडा बारीकशा फटीतून श्वास ओढतोय. मग मास्तरांनी झडप उघडली. शेडचे पत्रे थरथरले, कोपऱ्यातला कचरा उठून नळीच्या तोंडाकडे धावला, माझा पदर सरळ रेषेत उभा राहिला आणि काटा चढत गेला. वीस, पंचवीस, सत्तावीस पूर्णांक दोन. तिथे थांबला. नेहमीच्या जागी.

मास्तरांनी इंजिन बंद केलं. मीटरकडे बघत उभे राहिले. काटा आता सत्तावीस पूर्णांक सहावर होता. मग त्यांनी नळीवर हात फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना.

"ही कुणी वाकवली?"

"माझ्या दिरांनी."

"त्यांचे हात बघायला हवेत एकदा," ते म्हणाले. "बाई, आपलं गाव पठारावर आहे. इथे हवेचाच दाब सत्तावीस पूर्णांक सहा. इंजिन बाहेर आहे त्याहून जास्त हवा आणणार कुठून? वाटेत हरवलेत चार दशांश. चांगल्या नळीतही एक सबंध इंच हरवतो. पुस्तक लिहिणारा समुद्राकाठी बसला असणार." मग त्यांनी विचारलं, "बंद इंजिनावर काटा कुठे असतो, हे बघितलं नाही का कधी तुमच्या यजमानांनी?"

नव्हतं बघितलं. ह्यांची रीतच ती. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "झोपलेल्या माणसाचा वेग कशाला मोजायचा?" इंजिन थांबलं की हे हात धुवायला जात, आणि मीटरवर कापडी झाकण घालायचं काम माझं.

"हे त्यांना कुणी सांगितलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

उत्तर खरंच होतं. आता उरलेलं तुम्हाला सांगते.

झाकण मी घालायची, झाकण मी काढायची. बंद इंजिनाचा काटा रोज दोनदा बघणारी मी एकटी. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी मी वाचनालयातून हवेवरचं एक पुस्तक आणलं. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि जसजसं वर जावं तसतशी डोक्यावरची हवा कमी होते, असं त्यात होतं. मी पुस्तक मिटलं, शेडमध्ये गेले, झाकण काढलं. काटा होता तिथेच होता. तो इंजिनाचं माप दाखवत नव्हता, भाऊजी. आपल्या छपरावर, रस्त्यावर, सगळ्या गावावर जेवढी हवा उभी आहे तिचं माप दाखवत होता. मी खाली बसले. देवळातही कधी इतकी गप्प झाले नसेन. त्या दिवसापासून रोज सकाळी तो आकडा कॅलेंडरवर लिहिते. वादळाच्या आदल्या दिवशी तो उतरतो.

म्हणजे तुमच्या नळीत खोट नाही हे मला त्याच दिवशी कळलं. आणि मी झाकण परत घातलं.

कारण हे म्हणाले होते, "काटा तीसवर आल्याशिवाय मी जमीन सोडणार नाही." ह्यांचा शब्द तुम्हाला माहीत आहे. मला ते वर जायला नको होते. इतकंच. रोज काटा कमी पडायचा, रोज हे चिडायचे, आणि रोज जेवायला घरात असायचे. त्याची किंमत तुमच्या नावावर पडत होती, हे मला दिसत होतं. उद्या सांगू, असं म्हणत नऊ वर्षं काढली. मग एका दुपारी हे शेडमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. जमिनीवर. मला हवं होतं तसं.

एक गोष्ट मात्र तुमच्या हक्काची आहे. ह्यांनी नंतर दोन ठिकाणांहून नळ्या करून आणल्या. एकीवर काटा सव्वीसवर अडला, दुसरीवर त्याच्याही खाली. दुसऱ्या दिवशी बघते तर तुमचीच नळी परत बसवलेली. मी विचारलं नाही, हे बोलले नाहीत. पण त्यानंतर पुसायचं फडकं घेतलं की आधी तीच पुसायचे. वहीतली ओळ खोडायला हवी होती. ते ह्यांना जमलं नाही, आणि मला जमलं असतं ते मी केलं नाही.

मास्तरांना मी सगळं सांगितलं. नळी आहे तशी राहील. तिच्याखाली पट्टी लावून तुमचं नाव लिहिणार आहेत. वहीत त्या लाल ओळीखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: ‘नळी बरोबर होती. मला ठाऊक होतं.’ माफ करा असं लिहीत नाही. ते तुम्ही ठरवायचं. यावंसं वाटलं तर या. पान वाढेन, नाही तर निदान पाणी तरी घ्या.

या पत्रासोबत एक खोका येईल. त्यात ते मीटर आहे. मास्तर म्हणाले, शाळेत दुसरं आहे, हे न्या. काचेवर ह्यांची लाल रेघ तशीच आहे. त्याला काही जोडायचं नाही, इंजिन नको, नळी नको. गाडी पठारावरून खाली उतरत जाईल तसतसा आत, कुणी बघत नसताना, काटा हळूहळू चढत असेल. तुमच्या बंदरावर खोका उघडाल तेव्हा तो कुठे आहे ते बघा.

मग मला एक आकडा कळवा. दुसरं काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

आज इथे सत्तावीस पूर्णांक सहा.

तुमची,
जिला ठाऊक होतं ती
वहिनी