अंदाज बरोबर होता

२ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. हवामान सल्ला कार्यालयाचा माहिती विभाग काल माझ्या हाती आला. माझ्या आधीच्या माणसाने नुसतं खुर्ची उबवण्याचं काम केलं. यापुढे शेतकऱ्याला माहिती मिळेल ती वेळेवर, सोपी आणि विश्वासाची. वाक्य माझंच. दारावर रंगवून घ्यायला हवं. रंगारी पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला.

५ मार्च
शेतकऱ्यांचा मेळावा घेतला. विषय : 'तुम्ही बोला, आम्ही ऐकतो'. दीड तास बोललो. प्रश्नांना पाच मिनिटं उरली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, पाऊस येणार असेल तर आदल्या दिवशी कळेल का? म्हटलं, शक्यता ही टक्क्यांत समजून घ्यायची असते. तो खाली बसला. समजलं असावं.

८ मार्च
ताईकडे जाऊन आलो. माझी मोठी बहीण. दाजी गेल्यापासून शेती तीच बघते, सोबतीला भाची. गहू कापणीला आलाय. कार्यालयाचे, म्हणजे आता माझेच, हवामानाचे मेसेज ती उघडतच नाही! भाचीने फोन दाखवला, सगळे तसेच पडलेले. दिव्याखाली अंधार. ताई म्हणाली, "अरे, 'तुरळक ठिकाणी' म्हणजे माझ्या शेतात की शेजारच्याच्या?" हसून सोडून दिलं.

मग तिला समोर बसवून सांगितलं, यंदा माझ्यावर विसंब. गहू काप आणि निवांत वाळू दे. उचलायची घाई नको. पाऊस असला तर आधी माझा मेसेज येईल. मेसेज नाही म्हणजे पाऊस नाही. ती म्हणाली, "तू सांगतोस म्हणून हं."

जनतेचा विश्वास असा एकेक करून मिळवावा लागतो.

११ मार्च
नवी कल्पना. लोक वाचत नाहीत ना? मग ऐकवायचं! आवाजी मेसेज. आवाज अर्थात माझा, त्याला वजन आहे. बायकोला सांगितलं. म्हणाली, तुम्ही घोरता तेसुद्धा सल्ला दिल्यासारखं. कौतुक करायची प्रत्येकाची एक तऱ्हा असते.

१४ मार्च, दुपारी
सकाळीच वरून अंदाज आला. उद्या दुपारनंतर वादळी पाऊस. आपलाच भाग! अशी संधी रोज येत नाही. मेसेज सोडणाऱ्या बाईंनी विचारलं, साहेब, निदान साधा मेसेज आत्ता टाकून देऊ का? नको म्हटलं. एकाच विषयावर दोन मेसेज गेले की लोकांचा गोंधळ होतो.

संध्याकाळी
पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर. दुसऱ्यात 'गडगडाट' म्हणालो, फार उथळ वाटलं. तिसऱ्यात 'मेघगर्जना'. झकास. मोठ्या साहेबांना ऐकवलं. 'पाऊस' काढून 'पर्जन्यवृष्टी' घाला म्हणाले. पुन्हा रेकॉर्डिंग. त्यात घसा बसला. आता उद्या सकाळी, ताज्या आवाजात. पाऊस दुपारनंतर आहे, वेळ भरपूर. घाईगर्दीत केलेलं काम मला चालत नाही.

१५ मार्च
आवाज अप्रतिम लागला. साहेब मात्र बाहेर. त्यांची मंजुरी मिळेपर्यंत जेवणाची सुट्टी, मग बाई जेवायला. मेसेज सुटला तेव्हा ऑफिसच्या काचांवर पाऊस थडाथड वाजत होता.

म्हणजे अंदाज तंतोतंत बरोबर! अहवालात लिहिलं : मेसेजची पोहोच शंभर टक्के.

१६ मार्च
साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. ताईला आवाज कसा वाटला ते विचारायला फोन केला. भाचीने उचलला. "आई शेतात आहे." संध्याकाळी पुन्हा केला, तरी शेतातच. पावसानंतर इतकं काय काम असतं शेतात?

१९ मार्च
घरात धुसफूस. बायको म्हणाली, ताईंच्या कापलेल्या गव्हाला कोंब फुटलेत. मला कुणी का सांगितलं नाही? म्हणाली, "तुम्ही आवाज कसा वाटला तेवढंच विचारलंत."

समजावून सांगितलं. मेसेज गेला होता. तयार तर कधीचाच होता. ती भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. मग हात थांबवून म्हणाली, "तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं ना? मग सख्ख्या बहिणीला एक फोन करायला काय झालं होतं?"

घरच्यांना आधी सांगणं म्हणजे पक्षपात. कार्यालयाची बेअब्रू झाली असती. हे कारण मला आत्ता लिहिताना सुचलं, पण खरं तर आहेच. तिला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती दिवा मालवून गेली होती.

२२ मार्च
ताईकडे गेलो. नकाशा बरोबर नेला होता. चित्र दिसलं की गैरसमज उरत नाहीत.

अंगणात काळवंडलेल्या गव्हाचा ढीग, आंबूस वास. बाजूला धड निघालेला गहू उन्हात पसरलेला. तेवढासाच. भाची मला बघून आत निघून गेली. ताईने पाणी दिलं आणि पुन्हा निवडायला बसली. मी नकाशा उलगडला, ढग कुठून आले ते बोट ठेवून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, ताई, अंदाज बरोबर होता बघ.

"हो रे," ती म्हणाली. "आला की पाऊस."

टोमणा असता तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं माझ्याकडे.

निघताना वर पाहिलं. ढगाचा ठिपका नाही. म्हटलं, आता चार दिवस काही भीती नाही, माझा शब्द आहे.

ताई उठली. आतून ताडपत्री काढून आणली, भाचीला हाक मारली. लख्ख उन्हात दोघी गहू झाकायला लागल्या. एक कोपरा वाऱ्याने सारखा उडत होता.

"तेवढा धर," ताई म्हणाली.

धरला.