निरवांगीच्या मुक्कामाची वर्दी

२ नोव्हेंबर १९५४, बारामती
डॉ. सामींना आज निरवांगीला पोचवून आलो. कळंबपर्यंत एस.टी., पुढे निरवांगीच्या तात्यांची बैलगाडी, त्यांच्याच रानात डॉ.चं काम. एक ट्रंक आणि मातीचे नमुने भरलेल्या अकरा बरण्या. गाडीत बरण्या मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू धरावं तसे.

मिसर देशाचा, म्हणजे इजिप्तचा माणूस. पुण्याच्या विद्यापीठाने वर्षभरासाठी बोलावलेला, आणि जीव सगळा आमच्या कालव्याखालच्या चोपण रानात. त्यांच्याकडेही पाटाच्या पाण्याने असंच मीठ वर येतं म्हणे. शाळेत इंग्रजी त्यातल्या त्यात मला येतं म्हणून हेडमास्तरांनी दुभाषा म्हणून मला जोडून दिलं. आठवड्याला दोन दिवस.

निघताना त्यांनी एक कागद दिला, दोन फोटो टाचलेला. तालुका बदलला, आता बारामतीऐवजी इंदापूरच्या पोलीस कचेरीत मुक्कामाची वर्दी द्यायची. तिथला शिक्का विद्यापीठात गेला की दर महिन्याचं विद्यावेतन, आणि पुढे मुदतवाढ. नाहीतर दोन्ही नाही. तुम्ही शनिवारी इंदापूरला जाताच आहात तर द्याल का, असं विचारलं. म्हटलं, त्यात काय.

६ नोव्हें., शनिवार
इंदापूर. कचेरीच्या दारापर्यंत गेलो.

आत टेबलाशी जमादार. वैशाखात ज्यांची मुलगी पाहायला गेलो होतो तेच. त्यांची बदली इथे झाल्याचं माहीत नव्हतं. पोहे खाल्ले होते, मुलीला दोन प्रश्न विचारले होते, पसंत आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला होता. मग आईच्या कानावर दुसरं स्थळ आलं, मीही गप्प बसलो, आणि त्यांना एका ओळीचं कार्ड टाकलं नाही. त्यांची दोन पत्रं आली. दुसरं फोडलंच नाही.

मागे फिरलो. स्टँडवर चहा घेतला. कागद पिशवीत तसाच.

७ नोव्हें.
निरवांगी. डॉ.नी विचारलं, दिलात ना?

दिला म्हणालो. त्यांनी आभार मानले.

पुढच्या शनिवारी नक्की.

२१ नोव्हें.
दिवसभर रानात. तात्यांचं खालचं तीन एकर पांढरं फटक पडलंय. ऊस हातभर होऊन पिवळा. डॉ.नी जागोजाग भोकं पाडून नळ्या पुरल्या आहेत. काठी सोडायची, पाणी किती खाली ते मोजायचं. म्हणतात पाणी वरच तुंबलंय, ओढ्यापर्यंत खोल चर काढला की मीठ धुऊन जाईल. पण एक पावसाळा समोर उभं राहून बघायला हवं. तात्या आणि त्यांचा भाऊ दोघेच खणतायत.

तात्यांनी कागदात गुंडाळून काही पैसे पुढे केले. डॉ.नी हात मागे घेतला. इथे कुणाकडून मोबदला घेणार नाही अशी सही करूनच त्यांना देशात येऊ दिलंय. हे मी सांगितलं तर तात्यांचा चेहरा उतरला.
"आमचं चालत न्हाय व्हय त्यांना?"
पुन्हा समजावलं. सरकारी नियम, तुमचं-आमचं काही नाही. मग तात्या म्हणाले, जेवायला तर नियम आडवा येत न्हाय ना. तेव्हापासून डॉ. दोन्ही वेळा तात्यांच्या घरी.

वर्दी दिली नाही. दोन शनिवार गेले. आता उशीर का, हे आधी विचारतील.

१२ डिसें.
डॉ.चं गेल्या महिन्याचं विद्यावेतन आलं नाही. मला म्हणाले, तुमच्याकडे टपाल उशिरा पोचतं का? मी म्हटलं, कचेऱ्यांची कामं, वेळ लागतो.

किती सहज म्हटलं.

सिगारेट बंद केली आहे त्यांनी. सोडायचीच होती म्हणतात. कळंबहून चालत येतात, व्यायाम होतो म्हणे. घरी मुलीला दर आठवड्याला पाकीट जायचं. आज माझ्याकडे टाकायला काही दिलं नाही.

तो कागद शाळेच्या कपाटात, भूमितीच्या पुस्तकात आहे. काल हात लावला. फोटोत डॉ. हसतायत.

२ जाने. १९५५
मराठी बरंच उचललंय त्यांनी, पण निरवांगीचं. हितं, तितं, म्हाईत न्हाय. पोरं जमवून हसतात, तेही हसतात. मला ऐकवत नाही.

आज सांगणार होतो. तात्यांच्या रानात हुरडा निघाला, माणसं जमली, राहून गेलं. राहून गेलं नाही. मी राहू दिलं.

१८ जाने., मंगळवार
काय झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी शाळेत शिपाई आला, इंदापूरहून. एका परदेशी गृहस्थाला आणलंय, भाषा कळत नाही, मास्तरांना पाठवा. हेडमास्तरांनी माझा तास काढून घेतला आणि मला पाठवलं.

डॉ. कचेरीत बाकावर बसले होते. बुटांना रानातली माती. मला बघून उठले, तोंडावर एकदम सुटल्यासारखं दिसलं. माझा माणूस आला, असं.

जमादारांनी मला खुर्ची दिली. राग नाही, टोमणा नाही. "बसा मास्तर. पोरीचं लगीन झालं मार्गशीर्षात. सुखात हाय." इतकंच. मी अडीच महिने ज्या माणसाला भ्यालो, त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग विचारलं, यांनी मुक्काम बदलल्याची वर्दी का दिली नाही?

मी इंग्रजीत विचारलं. डॉ. म्हणाले, मी कागद या गृहस्थांकडे दिला होता, त्यांनी तो इथे दिला आहे, रजिस्टर पुन्हा पाहावं.

जमादार माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "त्यांना नियम माहीत नव्हता."

डॉ.नी मान वळवली. माहीत. नव्हता. एवढं मराठी त्यांना येतं, रानात रोज कानावर पडतं. माझ्याकडे बघितलं, थोडा वेळच, आणि मग खिडकीकडे. मी पुढचे तीन प्रश्न विचारले, तर फक्त मान हलवली. जमादारांनी लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी केली. मी कशावर सही करवली ते

२ फेब्रु.
विद्यापीठातून पत्र. वर्दी न देता तालुका बदलला, सबब मुदतवाढ नाही. थकलेलं विद्यावेतन देता येत नाही. महिनाअखेर देश सोडावा.

पत्र मीच वाचून दाखवलं, तात्यांसाठी मराठीत. या वेळी एक शब्द बदलला नाही.

तात्यांची बायको आत गेली ती बाहेर आली नाही. तात्यांनी विचारलं, चर अर्धा झालाय, त्याचं काय? डॉ.नी त्यांना काठी धरून मोजायला शिकवलं. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं.

१२ फेब्रु., शनिवार
डॉ. गेले. बारामतीहून दौंडची गाडी, पुढे मुंबई, मग बोट. तात्यांनी ज्वारीच्या पिठाची पिशवी दिली, ती नाकारली नाही.

गाडी सुटायच्या आधी मला बाजूला घेऊन एकच विचारलं. का?

काय सांगू? मुलगी बघणं, पोहे, न फोडलेलं पत्र, हे इंग्रजीत कसं सांगतात? मला लाज वाटली, एवढंच तोंडातून आलं. आय वॉज अशेम्ड.

त्यांनी मान डोलावली. बुटांकडे बघितलं, कोटावरून हात फिरवला. मग लक्षात आलं, त्यांना वाटलं मला त्यांची लाज वाटली. परक्या मुलखाच्या माणसाबरोबर कचेरीत जायची. मी नो, नो म्हणालो. तोवर गार्डाने निशाण दाखवलं होतं आणि ते डब्यात चढले होते.

१५ फेब्रु.
शिकवलं. काय ते आठवत नाही.

२० फेब्रु., रविवार
निरवांगीला गेलो. तात्या चरात उतरून खणत होते. मी काठावर बसून सगळं सांगितलं. इंदापूरचं दार, खोटं, जमादारांसमोरचं वाक्य. त्यांची कुदळ चालूच होती. एकदा वाटलं ऐकू गेलं नसेल.

मग थांबले. वर बघितलं नाही.
"हितं सांगून काय उपेग? जितं खोटं बोललास तितं सांग."

आजवर मला अहो-जाहो करायचे. परत येताना पाणी विचारलं नाही. बरोबर आहे.

२१ फेब्रु.
हेडमास्तरांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, तो माणूस गेला, आता उकरून नोकरी घालवू नका. लेखी कबुली दिली तर पोलिसांपुढे खोटं बोलल्याचं प्रकरण होईल, शाळेचंही नाव जाईल. त्यांचं चुकत नाही. एक दिवसाची रजा मात्र दिली. कशासाठी ते अर्जात लिहू नका म्हणाले.

आईला सांगितलं. तिने निवडायचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, त्या मुलीच्या बापाला कार्ड टाकायला मीच नको म्हणाले होते. मी म्हटलं, हात माझा होता.

२३ फेब्रु., इंदापूर
कचेरीच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. जबानी घरून लिहून आणली, दोन प्रती. एक इथे, एक विद्यापीठाला. कागद ६ नोव्हेंबरला माझ्याकडे होता, मी दिला नाही, डॉ. सामींनी नियम पाळला होता, दुभाषा म्हणून मी खोटं सांगितलं. सोबत तो मूळ कागद.

जमादारांनी उभ्या उभ्या वाचलं. दोनदा. वर्दी द्यायला का आला नाहीत, हे यात न्हाय, म्हणाले. मी म्हणालो, तुम्ही दिसलात म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"थांबा हितंच," म्हणाले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

डॉ.ची बोट परवा सुटते. विद्यापीठाकडून कागद मुंबईला वेळेत पोचेल का, पोचला तरी कोण वाचेल, आणि वाचून ते मागे फिरतील का, काही ठाऊक नाही.

अर्धा तास झाला. आतून बोलणं ऐकू येतंय, शब्द लागत नाहीत. माझं नाव एकदा आलं.